फोगची डहाळी

1917 सालचा ऑक्टोबर. जैसलमेरच्या वाळूत तुमचे पाय घोट्यापर्यंत रुतलेत. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी हॉलबर्ग. तुमचा उंट मात्र अडलाय. त्याला फोगचं झुडूप दिसलंय, आणि चार घास ओरबाडल्याशिवाय तो हलणार नाही.

तुम्हीही एक डहाळी कापता. पाहावं तर पान नाही, फूल नाही. नुसत्या हिरव्या, सांधेदार काड्या. पानांचं काम याच करतात. टिपकागदात डहाळी पसरता, वर फळी ठेवून दोरी आवळता. कोकणात रोज कागद बदलूनही बुरशी धरते. इथे वाराच अर्धं काम करतो. मग चिठ्ठी लिहायची: गाव, तारीख, वेचणाऱ्याचं नाव. या भटकंतीतून राजस्थानी वाळवंटाच्या वनस्पतींवरची लेखमाला उभी राहील, 1918 पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून येईल, आणि थरच्या झाडाझुडपांचा अभ्यासक शंभर वर्षांनीही तीच आधी उघडेल.

पण एवढ्यात मुंबईची गाडी धरू नका. चार-पाच महिने पुढे सरका, फाल्गुन लागू द्या. तेच झुडूप आता बारीक गुलाबीसर कळ्यांनी भरलंय. बायका फांद्या झटकून कळ्या ओढणीत गोळा करतायत. या कळ्यांना इथे फोगला म्हणतात. थोडा आजच दह्यात कालवून रायतं होईल, उरलेला वाळवून डब्यात जाईल. आणखी काही आठवड्यांनी फळं धरतील: केसाळ, हलकी, वाऱ्याबरोबर वाळूवरून गडगडत जाणारी.

तुमच्या डहाळीवर यातलं काहीच नाही. ऑक्टोबरात गेलेल्याच्या हाती ऑक्टोबरचंच झाड लागतं. म्हणून ‘या जातीचा एक नमुना आहे ना, मग पुरे’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. निरनिराळ्या ऋतूंतले, निरनिराळ्या गावचे नमुने शेजारी ठेवावेत, तेव्हा कुठे झाड दिसू लागतं.

आता आजच्या दिवसात या. चिठ्ठीवरच्या गावाबाहेर टेकाड शोधा. फोगची लांबवर पसरलेली मुळं अशी टेकाडं बांधून ठेवतात. त्याच मुळांचा कोळसा कडक जळतो, म्हणून ती वर्षानुवर्षं खणली गेली. इथेही एक खड्डा आहे. कडेला झुडूप नाही. वाळू हळूहळू आत घसरतेय.