वरचा विस्तव

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यातल्या फ्लॅटमध्ये छोटा ओव्हन कुठे ठेवायचा हे स्वयंपाक करणारं माणूस ठरवत नाही. ते बांधकामाच्या वेळी वायरमननं ठरवून ठेवलेलं असतं. जाड पिनांचा पंधरा अँपिअरचा सॉकेट स्वयंपाकघरात बहुधा एकच, आणि तो फ्रिजनं अडवलेला. मग ओव्हन कधी ओट्याच्या कोपऱ्यात, कधी बाल्कनीच्या दाराशी स्टुलावर, तर कधी थेट हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी. दुकानदार त्याला ओटीजी म्हणतात, म्हणजे ओव्हन, टोस्टर, ग्रिलर. घरात नुसतंच ओव्हन. सूतगिरणी चौकापासून गजानन महाराज मंदिरापर्यंतच्या अपार्टमेंटांमध्ये दिवाळीच्या आधी जिन्यात नानकटाईचा वास दरवळतो, तो या डब्याचा.

हा डबा केकचं बोट धरून परदेशातून आला, असा आपला समज. त्याची तार आणि त्याचा खटका परदेशातले, हे खरंच. पण त्याचं काम परकं नाही. त्याच्या घराण्यातली निम्मी मंडळी मराठवाड्यातली आणि कोकणातली निघतात.

चुलीचा विस्तव खालून लागतो. भाकरी, भाजी, वरण, भात सगळं त्यावर निभतं. पण जे पाण्यात शिजवायचं नाही, तेलात तळायचं नाही आणि मधेच उलटताही येत नाही, त्याला वरूनही धग लागते. ओव्हन म्हणजे मुळात एवढंच, चहूबाजूंनी कोंडलेली धग. ही गोष्ट आपल्याकडे ओव्हनच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. कोकणात काकडीची तवसळी किंवा कोलंबीचं भानोलं करताना जाड बुडाच्या पातेल्याखाली मंद विस्तव ठेवायचा, वर ताट झाकायचं आणि त्या ताटात रसरशीत निखारे पसरायचे. गोव्याची बेबिंका तर वरच्या आचेवरच उभी राहते. एक थर ओतायचा, वरून निखाऱ्यांची आच देऊन तो लालसर करायचा, मग त्यावर दुसरा थर. करपायला लागलं की चिमट्यानं दोन निखारे उचलायचे, फिकं राहिलं की दोन वाढवायचे. तापमान कमी-जास्त करायचं साधन म्हणजे चिमटा.

मराठवाड्यात पातेल्याचीही गरज पडली नाही. जाडसर कणकेच्या, तेल लावून घड्या घातलेल्या गोळ्यांचे रोडगे करायचे. गोवऱ्या पेटवायच्या, धूर ओसरून आर पडला की त्यात रोडगे पुरायचे आणि वरून गरम राख ओढायची. बाहेरून काळपट, टणक झालेला रोडगा राख झटकून फोडला की आत पदर सुटलेले. वांग्याची भाजी, वरण आणि तुपाची धार. शेतात नाहीतर मारुतीच्या पारावर याच्या पंगती उठतात. गारखेड्यापासून पैठण पन्नासेक किलोमीटर. तिथल्या एकनाथांनी सोळाव्या शतकात रचलेल्या भारुडात सासरच्या जाचाला कंटाळलेली सून भवानीआईला नवस बोलते, तो रोडग्याचा. नवसाला कबूल करावा इतका हा पदार्थ तेव्हाही घरचा होता.

शहरातली गोष्ट निराळी. मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, त्याच्या लष्कराबरोबर नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, आला असं इथले लोक सांगतात. दंतकथा असो वा इतिहास, शहागंजच्या बाजूला तंदुरांमध्ये नान आजही लागतात. मैद्याचे, मऊ, हळदीनं पिवळसर, गुळाची हलकी गोडी असलेले. जमिनीत पुरलेल्या तंदुराच्या तळाशी कोळसा, भिंतीला चिकटवलेली रोटी. भिंत एका बाजूनं भाजते आणि कोंडलेली हवा दुसऱ्या बाजूनं. पण तंदूर हा उस्तादाचा. तो घरात कुणी घालत नाही, नान विकत आणतात.

मग स्वयंपाकघरात गॅस आला. बर्मा शेलनं १९५५ मध्ये मुंबईत घरगुती गॅस विकायला सुरुवात केली. मराठवाड्यातल्या स्वयंपाकघरांत तो पोचायला बराच वेळ गेला, मधली वर्षं रॉकेलच्या स्टोनं काढली. धूर गेला, डोळे वाचले, बायकांचे तास वाचले. या हिशेबात एक वजाबाकी मात्र कुणी मांडली नाही. गॅसला आणि स्टोला निखारा नसतो. ज्योत खालीच, आणि बटण फिरवलं की मागे काही उरत नाही. ताटात पसरायला आर नाही, पुरायला राख नाही. वरचा विस्तव घरातून गेला तो असा, कुणाच्या लक्षातही न येता. रोडगे शेतावर आणि देवळात राहिले. रोडग्यासारखीच भाजायची बट्टी उकडून, कापून, तळली जाऊ लागली. भाजण्याचं उरलेलं काम घराबाहेर, बेकरीच्या भट्टीकडे गेलं.

त्या भट्टीशी मराठी घरांचा एक खास व्यवहार होता. दिवाळीच्या आधी किंवा उन्हाळ्याच्या सुटीत मैदा, रवा, पिठीसाखर, डालडा किंवा तूप घेऊन बेकरी गाठायची. सोबत डालड्याचा रिकामा, घासून लख्ख केलेला पत्र्याचा डबा. नंबर लागला की कारागीर घाणा मळून देणार, मजुरी किलोमागे. आपलं तूप आपल्याच घाण्यात पडतंय ना, यावर बाकावर बसलेल्या बाईची करडी नजर. लाकडाची भट्टी सकाळी पावासाठी कडक तापते. तिचा ताव उतरत आला की बिस्किटांची आणि नानकटाईची वेळ होते, कारण त्यांना सौम्य आणि कोरडी धग लागते. सांगायचा मुद्दा असा, की बेकरीकडून माल विकत घेतला जात नव्हता. धग भाड्यानं घेतली जात होती.

घरात ती परत आणायचे उद्योगही चालूच होते. कढईत वाळू किंवा जाडं मीठ तापवायचं, त्यावर रिंग, रिंगवर केकचं भांडं आणि वर घट्ट झाकण. नाहीतर कुकरची शिट्टी आणि रिंग काढून त्यात केक. दोन्हींत केक फुगायचा, पण वरून पांढराफटक राहायचा, कारण वरची आच नव्हती. पुढे ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला, झाकणाला काचेची खिडकी असलेला. त्यातल्या बहुतेकांना तापमानाचं बटण नव्हतं. वास सुटला की डोकावायचं आणि पिन काढायची. तो चिमट्याचाच विजेवर चालणारा भाऊबंद.

आता या घराण्याची परदेशी बाजू. १८९२ मध्ये कॅनडात ओटावाच्या विंडसर हॉटेलात थॉमस अहर्न यानं एक आख्खी मेजवानी विजेवर शिजवून वाढली. विजेनं रांधता येतं हे सिद्ध झालं, अडचण होती तारेची. लाल होईपर्यंत तापवलेली साधी तार हवेत गंजून तुटते. अमेरिकेत अल्बर्ट मार्श यानं निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू शोधला आणि १९०६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. हा नायक्रोम. तापला की त्याच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच आतल्या धातूला हवेपासून राखतो, त्यामुळे तार तासन् तास लाल राहूनही टिकते. टोस्टर, इस्त्री, शेगडी सगळं याच तारेवर उभं राहिलं. १९५६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकनं टोस्टर आणि छोटी भट्टी एकाच डब्यात बसवून बाजारात आणली. गारखेड्यातला ओटीजी तिच्याच वंशातला.

त्याच्या पोटात डोकावलं तर वर आणि खाली नळ्या दिसतात. नायक्रोमची तार त्यांच्या आत. बाहेर तीन बटणं असतात, एक तापमानाचं, एक वेळेचं आणि एक कुठली कॉइल पेटवायची त्याचं. हे शेवटचं बटण म्हणजे खालचा विस्तव, वरचा विस्तव की दोन्ही, हा जुनाच प्रश्न. खरी नवलाई तापमानाच्या बटणामागे आहे. तिथे दोन धातू एकमेकांना जोडून केलेली पट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते आणि ठरल्या अंशाला टक्कन संपर्क तोडते. दिवा विझतो. आतली हवा जरा निवली की पट्टी सरळ होते, पुन्हा टक्, पुन्हा दिवा. चिमट्यानं निखारे उचलणारा हात तो हाच, फक्त धातूचा.

या खटक्यानं पाककृतीची भाषा बदलली. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'नं वाटी-चमच्याचं माप घराघरांत रुजवलं, तरी आचेचं माप मंद, मध्यम, प्रखर असंच राहिलं. ओव्हननं आचेला आकडा दिला. नानकटाई १६० ते १७० अंश सेल्सिअस, केक १८०, बिघडलं की पाच मिनिटं कमी-जास्त. आईकडून मुलीकडे आता अंदाजाऐवजी आकडा जातो. कधी मुलाकडेही. ज्याचा चुलीपाशी हात बसलेला नाही त्यालाही आकडा वाचता येतो.

गारखेडा मूळचं खेडं. चिकलठाण्याच्या एमआयडीसीनं आणि १९८५ मध्ये वाळूजला आलेल्या बजाज ऑटोनं शहर पसरवलं, तसं ते शहराच्या पोटात गेलं. जालना, परभणी, बीडकडून नोकरीसाठी आलेली कुटुंबं इथे रो-हाउसमध्ये आणि फ्लॅटमध्ये स्थिरावली. अंगण नाही, गोवऱ्या थापायला भिंत नाही, पण दर महिन्याचा पगार आणि वीज आहे. ओव्हनला हेच हवं होतं. विजेनं मात्र बराच काळ छळलं. महावितरण २००५ मध्ये स्थापन झालं, त्यानंतरची काही वर्षं भारनियमनाची. अर्धवट फुगलेला केक वीज गेल्यावर मधोमध बसतो आणि पुन्हा उठत नाही, म्हणून वेळापत्रक पाहून मिश्रण कालवायचं. खर्चाची धास्तीही होती, ती फारशी खरी नव्हती. १२०० वॅटचा ओव्हन पाऊण तास अखंड पेटता राहिला तरी ०.९ युनिट, आणि खटका त्याला अखंड पेटू देतच नाही. २०२० च्या टाळेबंदीत माळ्यावरचे ओव्हन खाली उतरले आणि त्यानंतर कितीतरी घरांतून केकच्या ऑर्डरी जाऊ लागल्या.

शाकाहारी घरांनी त्याला आपल्या वळणावर आणलं. अंड्याऐवजी कंडेन्स्ड मिल्क, नाहीतर रवा, दही आणि सोडा. ज्वारीचं पीठ पावाला चालत नाही, कारण त्यात ग्लूटेन नाही आणि हवा धरून ठेवणारी जाळी होत नाही. नानकटाईला तर चिवटपणा नकोच असतो. तिथे ज्वारी शोभते आणि खुसखुशीत होते.

छोट्या ओव्हनच्या खोडी छोटेपणाच्याच. वरची कॉइल केकपासून चार बोटांवर, त्यामुळे माथा करपतो आणि पोट कच्चं राहतं. ट्रे खालच्या खाचेत सरकवावा, रंग आला की वर फॉइल झाकावी. ताटातले निखारे कमी करायचे, तेच हे. मागचा कोपरा जास्त भाजतो, म्हणून अर्ध्या वेळात ट्रे फिरवावा. शहागंजचा नान त्यात होत नाही. तंदुराची भिंत सहज ४०० अंशांपर्यंत जाते आणि हा डबा २५० ला थांबतो. नान पटकन भाजण्याऐवजी हळूहळू वाळतो. म्हणून नानवाल्यांचा धंदा ओव्हननं बुडवला नाही. बेकरीच्या बाकावरची गर्दी मात्र त्यानं नक्की पातळ केली.

रोडगे मात्र होतात. दोन्ही कॉइल, २०० अंश, रोडगा मुठीएवढा असेल तर पस्तीस-चाळीस मिनिटं आणि मधे एकदा बाजू पालटायची. गोवरीच्या धुराचा वास मिळणार नाही, पण पदर सुटतात. आकडे इथवरच, तूप अंदाजानं घालावं.