अनेकवचनातले नाते

मराठीत 'घोडा'चे 'घोडे' होतात. खूण शब्दाच्या शेवटी. पश्चिम आफ्रिकेत काय दिसते, ते आपण पाहू. अकान भाषेत 'ओनिपा' म्हणजे माणूस, 'न्निपा' म्हणजे माणसे; खूण आरंभी. शेजारच्या एवे भाषेत 'आमे'चे 'आमेवो', खूण शेवटी. योरुबात 'ओमो' (मूल) तसाच राहतो, आधी 'आवोन' हा शब्द येतो. फुला भाषेत 'पुलो'चे (फुला माणूस) 'फुल्बे' होते. दोन्ही टोके बदलतात. मग या भाषा एका कुळातल्या कशा?

कोएले यांनी सिएरा लिओनमध्ये, मुख्यतः गुलामीतून सुटलेल्यांना विचारून, दीडशेहून अधिक भाषांचे शब्द जमवले व 1854 मध्ये छापले. सांगणाऱ्यांची नावेही त्यांनी नोंदवली. 1927 मध्ये वेस्टरमान यांनी इकडच्या नामवर्गांची बांटू भाषांशी तुलना केली. 'फुल्बे'तील 'बे' आणि झुलूतील 'अबांटू'मधला (माणसे) 'बा' हे सगोत्र ठरतात. 1963 मध्ये ग्रीनबर्ग यांनी या सर्वांना नायजर-काँगो कुळात बसवले.

शब्द उसने मिळतात. वर्गांची अख्खी घडी सहसा मिळत नाही. योरुबात ती झिजून गेली. म्हणून नाते शोधताना आपण खुणेची जागा नव्हे, तिच्यामागची व्यवस्था पाहावी. आणि तिचा पहिला मोठा पुरावा बेड्यांतून सुटलेल्या माणसांनी दिला, हे वर्गात सांगायला विसरू नये.