पॅनोरामा छायाचित्रण, हौशी

पॅनोरामा छायाचित्रण, हौशी : एका जागी उभे राहून, कॅमेरा फिरवत ओळीने छायाचित्रे घ्यायची आणि ती संगणकावर जोडून एक सलग, रुंद चित्र करायचे, असा हा छंद आहे. चित्र शंभरेक अंशांचे असते, अर्ध्या वर्तुळाचे असते किंवा पूर्ण ३६० अंशांचे. या नोंदीतली बरीच उदाहरणे अल्लीपूर (ता. हिंगणघाट, जि. वर्धा) आणि त्याभोवतीच्या काळ्या मातीच्या सपाट मुलुखातली आहेत, आणि ती मुद्दाम निवडली आहेत. डोंगराच्या चित्रातल्या लहानसहान चुका कड्याकपारींत दडून जातात. कपाशी, तूर आणि सोयाबीनच्या वावरांमागे सरळ रेषेत टेकलेले क्षितिज मात्र एकही चूक पोटात घालत नाही. शिकणाऱ्याला यापरते चांगले मैदान नाही.

कल्पना छायाचित्रणाहून जुनी आहे. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ मध्ये प्रेक्षकाभोवती गोलाकार मांडायच्या चित्राचे पेटंट घेतले. १८४३ मध्ये ऑस्ट्रियाच्या योझेफ पुखबर्गरने फिरत्या भिंगाच्या कॅमेऱ्याचे पेटंट मिळवले. पण असला कॅमेरा मोजक्यांच्याच हाती होता. बाकीचे छायाचित्रकार वेगवेगळ्या काचांवर दृश्याचे तुकडे घेत आणि कागदी प्रती कडेला कड लावून चिकटवत. फेलिचे बिआतोने १८५८ मध्ये दिल्लीचे जामा मशिदीवरून आणि लखनौचेही रुंद दृश्य असेच तुकड्यांत टिपले. त्या काळच्या ओल्या काचेच्या पद्धतीत प्रत्येक काच जागेवरच रसायनाने माखायची आणि ओली असतानाच धुवायची, त्यामुळे दोन तुकड्यांमध्ये उजेड बदलून जाई. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातल्या सुरुवातीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. छायाचित्रण हा पेशा नसलेल्यांनीही ते गांभीर्याने करावे, ही परंपरा महाराष्ट्रात इतकी जुनी आहे.

आजच्या छंदाचे खरे वय मात्र पंचवीसेक वर्षांचेच. जर्मनीतल्या हेल्मुट डेर्श या प्राध्यापकांनी १९९८ च्या सुमारास ‘पॅनोरामा टूल्स’ ही संगणकप्रणाली सर्वांना खुली केली. पुढे ‘पीटीगुई’ ही विकतची आणि ‘हगिन’ ही मोफत प्रणाली तिच्याच पायावर उभ्या राहिल्या. तरीही दोन चित्रांतल्या समान खुणा माणसालाच एकेक करून दाखवाव्या लागत. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील मॅथ्यू ब्राऊन आणि डेव्हिड लो यांनी २००३ मध्ये हे काम संगणकाकडे सोपवण्याची रीत मांडली. लो यांची ‘सिफ्ट’ ही पद्धत चित्र लहानमोठे झाले, फिरले, तरी तीच खूण ओळखते. पाठोपाठ मोबाइल फोनमध्ये ‘पॅनो’ची सोय आली आणि छंद घराघरात पोचला. फोन हलवता हलवता तो प्रत्येक चित्राची अरुंद पट्टी घेऊन सांधत जातो. ओझरत्या आठवणीसाठी तेवढे पुरते. मात्र चालती बैलबंडी त्यात तुटते किंवा ताणली जाते, आणि बारकावे राहत नाहीत. खरे काम स्वतंत्र चित्रांतूनच होते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कॅमेरा कुठल्या बिंदूभोवती फिरतो. लेन्समध्ये समोरून डोकावले की अ‍ॅपर्चरचे छिद्र ज्या खोलीवर दिसते, तो हा बिंदू. हौशी मंडळी त्याला ‘नोडल पॉइंट’ म्हणतात. कॅमेरा याच बिंदूभोवती फिरला तर जवळच्या आणि दूरच्या वस्तू एकमेकींच्या तुलनेत सरकत नाहीत. तो चुकला की सरकतात, आणि या सरकण्यालाच पॅरॅलॅक्स म्हणतात. किती सरकतात हे आकड्यांत पाहावे. लहान सेन्सरचा (एपीएस-सी) २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, १८ मिमी लेन्स, आणि बिंदू फिरण्याच्या आसापासून १० सेंमी पुढे. ३० अंश फिरवल्यावर बिंदू सुमारे ५ सेंमी हलतो. तेव्हा एक मीटरवरचे कपाशीचे झाड दूरच्या पार्श्वभूमीवर जवळजवळ २४० पिक्सेल सरकते, ५० मीटरवरचा विजेचा खांब पाचेक पिक्सेल, आणि अर्ध्या किलोमीटरवरचे कडुनिंबाचे झाड अर्धा पिक्सेल. म्हणूनच गावाबाहेरच्या उघड्या रानात, पायाशी काही नसेल तर, हातात कॅमेरा धरूनही चांगला पॅनोरामा होतो. गावातल्या अरुंद गल्लीत किंवा ओसरीवर तो होत नाही. सेवाग्रामच्या बापू कुटीसारख्या ठेंगण्या, लहान खोल्यांच्या वास्तूत तर कोणती ना कोणती भिंत हाताच्या अंतरावर येते; तिथे परवानगी घेऊन काम करायचे तर कॅमेरा मागेपुढे सरकवता येणारे पॅनोरामा-हेड ट्रायपॉडवर हवेच.

बिंदू शोधायला यंत्र लागत नाही. अंगणातला जवळचा खांब आणि दूरचा विजेचा खांब एका रेषेत आणावेत आणि कॅमेरा डावीउजवीकडे फिरवून पाहावा. दोन्ही खांब एकमेकांपासून सुटतात, तोवर कॅमेरा मागे-पुढे करत राहायचे. ते सुटेनासे झाले की त्या जागी खूण करून ठेवावी, कारण त्या लेन्सच्या त्या फोकल लेंग्थसाठी ती कायमची असते.

कॅमेरा उभा धरावा. वर सांगितलेल्या कॅमेरा-लेन्सच्या जोडीने उभ्या चौकटीत सुमारे ४७ अंश रुंदी मावते. दर ३० अंशांवर एक याप्रमाणे १२ चित्रांत वर्तुळ पुरे होते आणि शेजारची चित्रे एकमेकांवर तिसऱ्या हिश्शाहून जरा जास्त येतात. एवढी सांधेजोड पुरेशी आहे. निम्म्याहून अधिक घेतल्याने चित्र सुधारत नाही, नुसता वेळ जातो. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही हाताने ठरवून बांधून टाकावेत. स्वयंचलित ठेवले तर नांगरलेल्या काळ्या जमिनीकडे वळताच कॅमेरा चित्र उजळवतो, फुटलेल्या बोंडांच्या पांढऱ्या वावराकडे वळताच काळवंडवतो, आणि जोडलेल्या आकाशात पट्टे उठतात. एफ/८ ला २ मीटरवर फोकस ठेवला की १ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट येते. पोलरायझर काढून ठेवावा, कारण रुंद आकाशात तो एका बाजूला गडद डाग पाडतो.

ट्रायपॉड समतल नसेल तर जोडलेल्या चित्रात क्षितिज लाटेसारखे वरखाली होते. दुरुस्तीसाठी प्रणालीला उभ्या रेषा दाखवाव्या लागतात. सपाट रानात विजेच्या खांबांचा इथे मोठा आधार होतो, मात्र सरळ उभे असलेलेच खांब निवडावेत.

ऋतूंचा प्रश्न वेगळा आहे. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर उघड्या काळ्या मातीत संगणकाला पकडायला खुणाच सापडत नाहीत. दिवाळीच्या आसपास उलट अडचण : पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) ओळी एकसारख्या दिसतात, वाऱ्याने हलतात, आणि संगणक एका ओळीची खूण दुसऱ्याच ओळीशी जुळवतो. अशा वेळी स्वयंचलित खुणा पुसून खांब, झाडांचे बुंधे, टिनाची छपरे यांच्यावर हाताने खुणा द्याव्यात. उन्हाळ्यात, मे अखेरीस, भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तो चौकटीत येत नाही आणि उजेड चहूबाजूंनी सारखा पडतो. पण तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि क्षितिज विरघळते. पावसाळा सरताना, सकाळी सूर्य थोडा वर आल्यावरची वेळ या भागात उत्तम. सूर्य एखाद्या चौकटीत येणारच. ती चौकट हाताने सावली धरून आणखी एकदा घ्यावी.

जोडताना प्रक्षेप, म्हणजे गोल दृश्य सपाट चित्रावर उतरवण्याची रीत, निवडावा लागतो. शंभरेक अंशांपर्यंत सरळ रेषा सरळ ठेवणारा साधा प्रक्षेप चालतो, त्यापुढे कडा ताणल्या जातात. दंडगोलीय प्रक्षेपात क्षितिज आणि उभ्या रेषा शाबूत राहतात, पण समोरून आडवा जाणारा रस्ता, धुरा (शेताचा बांध) किंवा पिकाची तासे धनुष्यासारखी वाकतात. हे टाळता येत नाही, त्यामुळे उभे राहण्याची जागाच विचाराने निवडावी. दोन धुरे मिळतात तो कोपरा चांगला, कारण वाकणाऱ्या रेषा तिथे वाटांसारख्या नजरेला आत नेतात. लोणारला मात्र वाकण्याची चिंता नको : काठावरून सुमारे १.८ किमी व्यासाचे विवर पुरे दाखवायला अर्धे वर्तुळ लागते, आणि मुळात गोल असलेली कड वाकली तरी डोळ्याला खटकत नाही. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडाही असाच अंतर्वक्र. या दोन जागांचे रुंद चित्र एका चौकटीतल्या चित्राहून खरे वाटते, असे ठामपणे म्हणता येईल.

२०२२ मध्ये रस्त्यांचे पॅनोरामा दाखवणारे गुगलचे ‘स्ट्रीट व्ह्यू’ भारतात पुन्हा सुरू झाले, तेव्हा पहिल्या १० शहरांत महाराष्ट्रातली मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर ही चार होती. विदर्भातले एकही नव्हते. खेड्यापाड्यांच्या बाबतीत हौशी माणसाने गावच्या चौकातून, बाजाराच्या दिवशी किंवा पोळ्याला, त्याच जागेवरून वर्षानुवर्षे घेतलेल्या पॅनोरामाचे मोल त्यामुळे फार मोठे आहे. कोणती विहीर बुजली, कुठे टिनाच्या जागी स्लॅब आला, कोणते झाड पडले, हे अशाच चित्रांत एकत्र दिसते. माणसे ओळखू येतील इतक्या जवळून चित्र घेतले तर ते इतरांना दाखवण्यापूर्वी त्यांना विचारावे.

बारा चित्रांचे पूर्ण वर्तुळ सुमारे २९,००० पिक्सेल रुंद होते. ३०० डीपीआयने छापल्यास त्याची लांबी जवळपास अडीच मीटर भरते. तालुक्याच्या गावी फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात इतकी लांब छपाई होऊ शकते, पण तिथे रंग भडक येतात. आधी लहान तुकडा छापून पाहावा. जेपीईजी फाइलची बाजू ६५,५३५ पिक्सेलांपलीकडे जाऊ शकत नाही, म्हणून लांब फोकल लेंग्थच्या लेन्सने अनेक रांगांत घेतलेले काम टिफमध्ये ठेवावे. जोडलेल्या चित्राबरोबर मूळ सुटी चित्रेही जपावीत. जोडणाऱ्या प्रणाली सुधारत जातात, आणि आज न जुळलेला सांधा काही वर्षांनी त्याच चित्रांतून जुळतो. प्रत्येक संचाबरोबर जागा, तारीख, पहिल्या चौकटीची दिशा आणि ट्रायपॉडची उंची लिहून ठेवली, तर दुसऱ्या कुणालाही नेमके तिथेच उभे राहता येते.