कार्पेंटर मावशी : एका अमेरिकन बाईच्या कुळाचा माग

ऐरोलीहून ठाण्याला गाडी बदलली की आपण कल्याणला पोचतो. आनंदीबाई जोशींचं माहेर तिथलं. जन्म १८६५चा, १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी नव्हती. ही कथा आपण पुस्तकातून, नाटकातून, सिनेमातून ऐकलेली आहे. आज आपण त्या कथेतल्या दुसऱ्या बाईकडे बघणार आहोत, थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत.

ओळख झाली ती एका छापील पत्रामुळे. गोपाळरावांनी १८७८ मध्ये कोल्हापूरहून वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलं, की बायकोला शिकवायचं आहे, मदत करा. वाइल्डरसाहेबांनी ख्रिस्ती व्हायचा सल्ला दिला आणि पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. १८८० मध्ये दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या कार्पेंटरबाईंनी तो वाचला आणि स्वतःहून पत्र लिहिलं. जून १८८३ मध्ये अठरा वर्षांची आनंदी न्यूयॉर्कला उतरली, ती थेट न्यू जर्सीतल्या रोझेल गावी, कार्पेंटरांच्या घरी. त्याच वर्षी जानेवारीत एडिसनने या गावात डोक्यावरून तारा ओढून विजेचे दिवे लावले होते.

आता या मावशींचं कूळ शोधायचं तर सुरुवात कुठून करायची? पहिलीच अडचण नावाची. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्या मिसेस बी. एफ. कार्पेंटर. म्हणजे आडनावही नवऱ्याचं आणि आद्याक्षरंही नवऱ्याचीच. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. कल्याणची यमुना लग्नानंतर आनंदी झाली. आपले कुलवृत्तांत उघडून बघा, मुलगी 'अमक्यांकडे दिली' एवढ्यावर तिची ओळ संपते. दोन्हीकडे कागद पुरुषाच्या नावाने चालतात.

मग तिथले अभ्यासक काय करतात? जनगणनेचे तक्ते उघडतात. अमेरिकेत १८५० च्या आधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत, बाकीच्यांचे नुसते आकडे. १८५० पासून घरातल्या प्रत्येकाचं नाव आलं, गुलाम सोडून. १८८० मध्ये आणखी दोन गोष्टी आल्या : कुटुंबप्रमुखाशी नातं काय, आणि आईवडील कुठे जन्मले. त्यामुळे एखाद्या बाईचं माहेर कुठल्या राज्यातलं, याचा धागा मिळतो. तो धरून चर्चची नोंदवही, लग्नाची नोंद, मृत्युपत्र असं मागे मागे जायचं. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांची वही चाळतात, तसंच काहीसं.

पण आनंदीबाई या तक्त्यांत सापडत नाहीत. त्या १८८३ ला आल्या आणि १८८६ ला परतल्या. देशाची जनगणना दर दहा वर्षांनी, म्हणजे १८८० आणि १८९०. दोन मोजण्यांच्या मधल्या फटीत त्यांचं सगळं अमेरिकेतलं आयुष्य बसलं. त्यात १८९० चे बहुतेक तक्ते १९२१ च्या आगीत गेले. 'भाची' म्हणून सोडाच, 'पाहुणी' म्हणूनही त्या घराच्या यादीत त्यांचं नाव लागलं नाही.

नाव लागलं ते दफनभूमीत. आनंदीबाई गेल्यावर त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली. आपल्या रीतीने ती नदीत जायची. मावशींनी ती न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीकाठच्या पकिप्सी गावी, आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवली आणि वर दगड उभारला. डॉ. आनंदीबाईंचं नाव आणि शिक्षणासाठी देश सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असा उल्लेख त्यावर आहे.

इथे एक बारकावा लक्षात घेऊ. घर रोझेलला आणि कुटुंबाची दफनजागा पकिप्सीला, शंभर किलोमीटरहून जास्त लांब. वंशावळ शोधणाऱ्याला हे मोठं साधन असतं. माणूस राहतो कामाच्या गावी, पण पुरायला नेतात ते मूळ गावी. जागा कोणाच्या नावावर, शेजारचे दगड कोणाचे, हे वाचत गेलं की नवऱ्याच्या आद्याक्षरांमागे झाकलेली बाई दिसायला लागते. आणि त्याच दगडांत कल्याणच्या मुलीचाही दगड आहे.

आनंदीबाईंचं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं. वंशावळीच्या हिशेबाने त्यांची ओळ तिथे संपते. मावशींनी मात्र त्यांना आपल्या माणसांत जागा दिली, धर्म बदलायला न लावता. आपल्या कुलवृत्तांतात अशा नात्याला रकाना नाही. म्हणून आपण घरचा इतिहास लिहायला घेऊ तेव्हा दोन गोष्टी करू. आजीचं आणि पणजीचं माहेरचं नाव आजच विचारून लिहून ठेवू, सांगणारं माणूस आहे तोवर. आणि रक्ताचं नसूनही ज्यांनी आपल्या घरच्या कुणाला आसरा दिला, त्यांचं नाव त्याच पानावर घेऊ.