पॉइंटांच्या अलीकडे

लहानपणी मी महाबळेश्वराहून एक दगड आणला होता. वाईहून पसरणीच्या घाटाने एस. टी.ने आम्ही वर गेलो होतो. वडील, आई, आत्या आणि मी. आत्याला क्षेत्र करावयाचे होते, वडिलांना पॉइंट पाहावयाचे होते आणि मला घोड्यावर बसावयाचे होते. आईला काय हवे होते हे कोणी विचारल्याचे आठवत नाही. घोड्याचा दर ऐकून वडील म्हणाले, "पायांना काय झालंय?" मी रुसून मागे रेंगाळलो आणि क्षेत्राच्या वाटेवर, दरडीच्या मातीत अर्धवट रुतलेला तो दगड मला सापडला. काळा, वजनाला जड, अंगावर बुडबुडे फुटून राहावेत तशी भोके आणि एका बाजूस काचेसारखी चकाकी. सह्याद्री हा ज्वालामुखीच्या रसाचा बनला आहे, असे आमच्या भूगोलाच्या गुरुजींनी नुकतेच शिकविले होते. तो रस मी खिशात घालून घरी आणला आणि दोन वर्षे येणाऱ्याजाणाऱ्यास दाखविला.

गुरुजींचे म्हणणे खरेच होते. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त रसाचे लोट बाहेर आले, पसरले, थिजले आणि त्यांवर पुन्हा नवे लोट आले. आपल्या मनात ज्वालामुखी म्हटला की शेंडीतून धूर सोडणारा डोंगर उभा राहतो. तसा डोंगर इथे नव्हता. थरावर थर बसत गेले, एवढेच. घाटातून चढताना कडा, मग उतरण, मग पुन्हा कडा अशी जी पायऱ्यांची रचना दिसते ती या थरांची. भूशास्त्रज्ञ या खडकाला ट्रॅप म्हणतात, तो शब्दही पायरी या अर्थाच्या एका स्वीडिश शब्दावरूनच आला. महाबळेश्वराहून पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट हे या थरांचे इतके उघडे पुस्तक आहे की पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर ही तिन्ही नावे आता लाव्हाच्या थरांच्या गटांना दिलेली आहेत.

सगळ्यांत वरच्या थरावर मात्र आणखी एक संस्कार झाला. उष्ण हवा आणि अतोनात पाऊस यांनी तो थर कुजला. त्यातली वाळू करणारी द्रव्ये वाहून गेली आणि लोह मागे राहिले. त्याचा तांबडा, सच्छिद्र जांभा झाला. महाबळेश्वर म्हणजे जांभ्याची टोपी घातलेले पठार होय. या टोपीकडे लक्ष द्यावे अशी माझी वाचकांस विनंती आहे, कारण महाबळेश्वराचा पुढचा सारा इतिहास तिच्यातून निघालेला आहे.

जांभा पाणी पितो. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस त्याच्यावर पडतो. तो आत मुरतो आणि खालच्या घट्ट थराशी अडून झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. क्षेत्र महाबळेश्वरी कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम एका देवळात मानले आहेत ते उगीच नव्हे. भागीरथी बारा वर्षांनी तिथे प्रकट होते अशी श्रद्धा असून आत्याने त्या वर्षाचा हिशेब पुजाऱ्याशी बराच वेळ घातला होता. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाने कृष्णेच्या उगमाशी बांधकाम केले. 1656 साली शिवाजीमहाराजांनी चंद्रराव मोऱ्यांची जावळी घेतली आणि 1665 साली सूर्यग्रहणाच्या पर्वणीवर याच क्षेत्री जिजाबाईंची सुवर्णतुला केली. म्हणजे इथे माणसांची ये-जा शतकानुशतके होती. फक्त ती पाण्यापाशी येत होती. कड्यापाशी जाऊन खाली पाहण्याचे तिला काही कारण नव्हते.

असे असता लॉडविक पॉइंटवर 1874 साली उभारलेला स्तंभ आपल्याला वेगळेच सांगतो. 1824 साली लॉडविक नावाचा सैन्यातील अधिकारी हाती काठी घेऊन वाघांच्या रानातून या टोकापर्यंत चढून आला आणि महाबळेश्वराच्या डोंगरांचा तो शोधक ठरला, असा त्या लेखाचा आशय आहे. वडिलांनी तो मोठ्याने वाचून त्याचा अर्थ सांगितला. आत्या म्हणाली, "मग इतकी वर्षं देव काय जंगलात हरवला होता?" वडील हसले, पण मला वाटते तिचा प्रश्न इतिहासाच्या पेपरात घालण्याच्या लायकीचा होता.

शोध लागला तो थंड हवेचा. साताऱ्याचा रेसिडेंट ब्रिग्ज याने 1826 च्या सुमारास इथे घर बांधले आणि साताऱ्याहून वर येणारा गाडीरस्ता छत्रपती प्रतापसिंहांकडून करवून घेतला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने 1829 साली डोंगराचा हा भाग महाराजांकडून मागून घेतला. बदल्यात वाईकडील खंडाळा गाव दिले. नव्या पेठेचे नाव झाले माल्कमपेठ. दहा वर्षांनी, 1839 साली, याच प्रतापसिंहांना कंपनी सरकारने पदच्युत करून काशीस धाडले आणि तिथेच 1847 साली ते वारले. ज्या वेण्णा तलावात आज नावा फिरतात तो 1842 साली त्यांच्या मागून गादीवर आलेल्या आप्पासाहेब महाराजांनी बांधविला. सहलीच्या माहितीपत्रकांत प्रतापसिंहांचे नाव मी फारसे पाहिलेले नाही.

साहेबाला डोळ्यांसाठी काही हवे होते आणि जांभ्याच्या टोपीने ते आयते दिले. वर सपाट पठार आणि कडेला एकदम तुटलेला कडा! घोडागाडी थेट टोकापर्यंत न्यावी, उतरून चार पावले चालावे आणि हजार-दोन हजार फूट खोल दरी पाहून पुन्हा गादीवर बसावे. हिमालयात असा देखावा पाहण्यासाठी दम लागतो, इथे तो चहानंतर पाहता येत होता. टोकाटोकांना नावे पडली. एल्फिन्स्टन, कार्नाक, फॉकलंड हे गव्हर्नर झाले. माल्कमच्या मुलीच्या नावाचा केट्स पॉइंट झाला. त्या जागेला लोक नाकेखिंड म्हणत. लॉडविक पॉइंट आधी सिडने पॉइंट होता. ऑलिंपियाचे 1880 साली कॅनॉट शिखर झाले. सूर्योदयासाठी आपण ज्या विल्सन पॉइंटला पहाटे काकडत जातो त्याचा सर लेस्ली विल्सन तर 1923 ते 1928 मधला, म्हणजे ही बारशी शंभर वर्षे चालू होती. तरी साहेबाने आम्हाला पाहावयास शिकविले हे कबूल केले पाहिजे. माझे वडील एल्फिन्स्टन पॉइंटवर अर्धा तास एक शब्द न बोलता उभे होते. असे उभे राहण्याची रीत आमच्या घरात पूर्वी नव्हती, आणि ती आली याचे मला वाईट वाटत नाही.

पण टोकापर्यंत गाडी न्यावयाची तर रस्ता हवा, आणि रस्ता कोणीतरी खणला पाहिजे. इथे एक तुरुंग होता. 1834 च्या सुमारास तो सुरू झाला आणि 1864 साली मोडला. त्यात शंभर-सव्वाशे चिनी आणि मलायी कैदी असत. पूर्वेकडील इंग्रजी वसाहतींतून काळ्या पाण्यावर आलेली ही माणसे आपल्या सह्याद्रीत येऊन पोहोचली होती. पेठेतले बरेचसे रस्ते त्यांच्या हातचे आहेत. बटाटा आणि विलायती भाज्यांचे मळे त्यांनी वाढविले, वेताच्या टोपल्या विणल्या. 'चायनामन' नावाचा धबधबा आहे तो त्यांच्या मळ्यांपाशीच. गंमत अशी की त्याच काळात हिंदुस्थानचे कैदी सिंगापुरास पाठवीत आणि तिथले रस्ते त्यांच्याकडून करवीत. सरकारला माणूस आपल्या मुलखापासून तुटलेलाच बरा वाटत असावा. पळाला तरी जाणार कुठे? एवढ्या गव्हर्नरांच्या नावांत या माणसांपैकी एकाचेही नाव नाही. धबधब्याला मिळाले ते त्यांच्या जातीचे.

आता माझ्या दगडाकडे येतो. वाईला आमच्या आळीत एक वृद्ध वैद्य होते. आत्याच्या प्रकृतीसाठी ते घरी आले असता मी नेमाप्रमाणे लाव्हा पुढे केला. त्यांनी तो हातात तोलला, खिडकीशी नेऊन फिरविला आणि म्हणाले, "ज्वालामुखी कसला रे? हा मंडूर! लोखंड गाळताना भट्टीत उरतो तो कीट." मला रडू आले.

जांभ्यात लोह मागे राहते हे वर सांगितलेच आहे. महाबळेश्वरच्या रानात धावड नावाचे मुसलमान कारागीर राहत. ते हा लोहयुक्त दगड वेचीत, झाडे तोडून कोळसा पाडीत आणि मातीच्या भट्टीत भात्याने वारा घालून लोखंड गाळीत. कुणबी, कोळी डोंगरउतारावर राब जाळून नाचणी-वरी पेरीत. साहेबाच्या डोळ्यांना या दोघांचाही धूर खुपला. जंगल राखीव झाले, 1878 च्या कायद्याने पकड घट्ट झाली, कोळशाची तोड थांबली. विलायतेचे स्वस्त लोखंड बाजारात होतेच. धावडांच्या भट्ट्या विझल्या आणि गाळणारे हात मोलमजुरीला लागले.

जंगल राखले हे वाईट झाले असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. अंजन, जांभूळ, हिरडा, पिसा यांची ती ठेंगणी, गर्द झाडी आज दिसते ती त्या राखणीमुळे, आणि 2001 साली महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला तो त्याच वाटेने. लोखंड गाळण्यास लाकूड किती लागते याचा हिशेब केला तर शंभर धावडांनी रानाचे काय केले असते हे उघड आहे. पण ज्यांच्या चुली त्यासाठी थंड झाल्या त्यांचा उल्लेख एका पाटीवर तरी असावा, इतकेच माझे मागणे. वर हॉटेले, मोटारींच्या रांगा आणि स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांतून उरलेले रान पाहिले की वाटते, धूर तेवढा एकट्या धावडाचाच का खुपावा?

मागे पुन्हा जाणे झाले. मोटार चालविणाऱ्या मुलाला मी धावडांच्या भट्ट्या कुठे होत्या म्हणून विचारले. तो म्हणाला, "काका, तो पॉइंट लिस्टमध्ये नाही. पण बारा पॉइंटांच्या पॅकेजात करून देतो."

दगड मला परत मिळाला नाही. मंडूर जितका जुना तितका गुणकारी, असे सांगून वैद्यबुवांनी तो मागून नेला. तापवून, विझवून, खलून त्यांनी त्याचे भस्म केले आणि आत्याचा पांडुरोग हटावा म्हणून पुड्या बांधून पाठविल्या. आत्या रोज सकाळी स्नान करून ते मधातून चाटी. मध महाबळेश्वरचाच होता.