युद्धाचे वाचन : इंदापूर आणि बारामतीच्या निमित्ताने

युद्धाचा इतिहास वाचकापर्यंत पोचतो तो कोणत्या तरी वाङ्मयप्रकारातून, आणि त्या प्रकाराच्या मर्यादा त्या इतिहासाच्याही मर्यादा ठरतात. इंदापूर व बारामती हे शेजारचे दोन परगणे या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत.

मालोजी भोसले इंदापूरच्या लढाईत पडले, असे परंपरा सांगते. त्या घटनेच्या सालाविषयी मात्र अभ्यासकांत एकमत नाही. बखरीला सालाची निकड नसते. तिला वंशाचा आरंभ सांगावयाचा असतो आणि वीरमरण त्या आरंभाला शोभून दिसते. पुढे पुणे व सुप्यासह हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत आले. १६३० मध्ये मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त केले. त्याच सुमारास दख्खनवर दुष्काळ ओढवला. गाव सोडून गेलेली रयत वीरकथेत क्वचितच भेटते. ती शोधावी लागते कौलनाम्यांत आणि महजरांत.

बारामतीचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. मोरोपंत (१७२९-१७९४) तेथे बाबूजी नाईकांच्या आश्रयाने राहिले, पुराण सांगत राहिले आणि त्यांनी अवघे महाभारत आर्यावृत्तात आणले. त्यांचे आश्रयदाते सावकार होते. पहिल्या बाजीरावाच्या मोहिमांवर कर्जाचा डोंगर चढला, त्याच्या धनकोंत बाबूजी नाईक होते. १७४० मध्ये बाजीराव वारल्यावर रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी पुढे केले तेही याच नाईकांना. म्हणजे भीष्मद्रोणांच्या युद्धकथेचा यजमान आणि प्रत्यक्ष युद्धाचा धनको एकाच घराण्यातला होता.

१७६१ चे पानिपत घडले तेव्हा मोरोपंतांनी तिशी ओलांडली होती. भाऊसाहेबांच्या बखरीने त्या पराभवाकडे भारती युद्धाच्या छायेत पाहिले. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा त्या काळची पत्रे बोलू लागली. त्यांत पैशाची ओढ होती, रसदेची चिंता होती. शेजवलकरांच्या पानिपतावरील ग्रंथाने (१९४६) या साधनांचा राजकीय अर्थ लावला. इंग्लंडमध्ये जॉन कीगन यांनी १९७६ मध्ये आझांकूर (१४१५), वॉटर्लू (१८१५) आणि सोम (१९१६) या लढाया एकत्र घेऊन सामान्य सैनिकाच्या अनुभवाचा प्रश्न विचारला. मराठी साधनांना तो प्रश्न विचारावयाचा, तर शिलेदाराबरोबर बैल हाकणाऱ्या बुणग्याचाही शोध घ्यावा लागेल.

म्हणून काव्य व बखर असत्य ठरत नाहीत. पराभूत समाजाला शोक करण्यासाठी लागणारी भाषा महाभारतानेच पुरवली. हिशेबाच्या कागदात ती सापडत नाही. परंतु त्या भाषेत पराभव दैवाच्या खाती जमा होतो आणि कर्ज, रसद, चुकलेले निर्णय यांची जबाबदारी कोणाचीच उरत नाही. बारामतीच्या वाड्यातले पुराण आणि तिथलीच खतावणी शेजारी ठेवून वाचली, तरच त्या जबाबदारीचा माग लागू शकतो.