वंगणाच्या नळकांड्यापासून ग्रीसच्या निपलापर्यंत

विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी मला विचारलं, "सर, इतिहासाच्या व्याख्यानात ग्रीसचं काय काम?" प्रश्न रास्त आहे. इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले, ताम्रपट, निजामाची राजवट, मुक्तिसंग्राम एवढंच आठवतं. पण अहमदपुरातून लातूरकडे जा नाहीतर नांदेडकडे जा, दुरुस्तीच्या दुकानापुढे एखादं जुनं जेसीबी किंवा पोकलेन हात टेकवून बसलेलं दिसेलच. त्याच्या बकेटच्या पिनेजवळ वाकून बघा. तिथं वाटाण्याएवढं एक धातूचं टोक असतं. त्याला आपण ग्रीस निपल म्हणतो. जुन्या यंत्रावर बहुतेक वेळा ते दिसतच नाही, कारण त्यावर माती आणि काळ्या ग्रीसचा दगडासारखा थर चढलेला असतो. तो निपल बुजलेला असतो. तो का बुजला आणि बुजू दिला कुणी, हे आज बघायचंय.

सुरुवात बैलगाडीपासून करू. ज्यांच्या घरी लाकडी चाकांची गाडी होती, त्यांना गाडीखाली टांगलेलं वंगणाचं नळकांडं आठवत असेल. तेलात काजळी किंवा राख कालवून केलेलं ते काळं, चिकट वंगण. लांबच्या वाटेला निघायच्या आधी कण्याच्या टोकाची खीळ काढायची, चाक थोडं बाहेर ओढायचं, जुनी घाण चिंधीने पुसायची आणि नवं वंगण लावायचं. इथं एक गोष्ट लक्षात घ्या. कणा डोळ्यांना दिसायचा. वंगण संपलं की चाक करकरायचं, बैलांना ओढ जास्त लागायची, आणि ते कळायचं गाडीवानालाच. बहुधा गाडी त्याची, बैल त्याचे, वंगण लावणारे हातही त्याचेच. हयगय केली तर नुकसान त्याचंच. त्यामुळे हयगय फारशी होत नसे.

मग रेल्वे आली. आपल्याकडे बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी छोटी गाडी १९११ साली लातूरपर्यंत पोहोचली. त्या काळच्या वाघिणींच्या कण्याच्या टोकाला लोखंडी डबी असे. तिच्यात तेलात भिजवलेला सुताचा चोथा दाबून भरायचा, आणि तो चोथा फिरत्या कण्याला तेल पाजत राहायचा. तेल संपलं की कणा तापे, लालभडक होई, कधी तुटूनही जाई. रेल्वेच्या भाषेत 'हॉट ॲक्सल' हा शब्द आजही आहे. पण बदल कुठं झाला बघा. गाडी कंपनीची, चालवणारा ड्रायव्हर वेगळा, आणि तेलाची बुधली घेऊन गाडीच्या कडेने चालणारा माणूस तिसराच. मालकी, चालवणं आणि वंगण या तीन गोष्टी वेगवेगळ्या झाल्या.

त्या तिसऱ्या माणसाची किंमत काय होती, याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. एलायजा मॅकॉय. गुलामगिरीतून पळून कॅनडात गेलेल्या आईबापांचा मुलगा. स्कॉटलंडला जाऊन यंत्रविद्या शिकून आला. पण काळ्या माणसाला इंजिनियरची नोकरी कोण देणार? रेल्वेत काम मिळालं ते कोळसा टाकण्याचं आणि तेल घालण्याचं. तेल घालायला गाडी पुन्हा पुन्हा थांबवावी लागे. त्याने इंजिन चालू असतानाच आपोआप तेल सोडणारं साधन बनवलं आणि १८७२ साली त्याचं पेटंट घेतलं. ज्याच्या हातात बुधली होती, त्यानेच ती थांबायची अडचण सोडवली. यंत्राची खरी दुखणी बऱ्याचदा त्याच माणसाला ठाऊक असतात.

आता निपलाकडे येऊ. विसाव्या शतकात मोटारी आणि ट्रॅक्टर वाढले तसे वंगणाचे बिंदूही वाढले. ऑस्ट्रियात जन्मलेल्या ऑस्कर झर्कला जानेवारी १९२९ मध्ये अमेरिकेत एका निपलाचं पेटंट मिळालं. आज आपण वापरतो तो निपल त्याच घराण्यातला. कल्पना अगदी साधी. बारीक नळीच्या तोंडाशी एक छोटी गोळी, तिच्यामागे स्प्रिंग. ग्रीस गनने दाब दिला की गोळी मागे सरकते आणि ग्रीस आत जातं. दाब गेला की गोळी पुन्हा तोंड बंद करते, म्हणजे ग्रीस परत येत नाही आणि धूळ आत शिरत नाही. चाक काढायला नको, हात आत घालायला नको. सोय मोठी झाली. पण वंगण डोळ्याआड गेलं. आत ग्रीस पोहोचलं की नाही, हे बाहेरून कळेना.

मराठवाड्यात ही यंत्रं मोठ्या संख्येने आली ती धरणांबरोबर. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. सुमारे दहा किलोमीटर लांबीचं मातीचं धरण, म्हणजे मातीची केवढी उलथापालथ! गंमत अशी, की पायाभरणीच्या पुढच्याच वर्षी, १९६६ साली, ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीचा अहवाल आला. वंगण आणि झीज याकडे नीट लक्ष दिलं तर त्या देशाचे वर्षाला ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील, असा त्यांचा अंदाज होता. 'ट्रायबॉलॉजी' हा शब्द त्याच अहवालाने रूढ केला. घर्षण, झीज आणि वंगण यांचं शास्त्र. म्हणजे जगाने या कामाला शास्त्राचं नाव दिलं ते इतकं उशिरा.

मधे १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडली, पाझर तलाव खोदले, रस्ते केले ते कुदळ, फावडं आणि टोपलीने. तुमच्या घरातल्या आजीला विचारा, ती सांगेल. आता २०१६ आठवा. मिरजेहून पाण्याची रेल्वे १२ एप्रिलला लातुरात आली. ज्या मार्गाने ती आली, त्यातला मोठा भाग त्याच जुन्या बार्शी लाइटचा, रुंद केलेला. जलयुक्त शिवारची कामं चालू होती, मांजरेच्या पात्रातला गाळ निघत होता. पण या वेळी खोदणारे हात कुणाचे? जेसीबीचे आणि पोकलेनचे. पोकलेन हे नाव पोक्लेन या फ्रेंच कंपनीचं. १९५१ साली त्यांनी हायड्रॉलिक खोदयंत्र बनवलं आणि पुढे आपल्याकडे कंपनीचं नावच यंत्राचं नाव झालं. ५० लाख माणसांचं काम ऑपरेटर आणि हेल्पर या दोघांवर आलं. आणि ग्रीसिंग आलं हेल्परवर.

यंत्र भाड्याने जातं ते तासावर. बूम आणि बकेटच्या पिनांना रोज, साधारण दहा तासांच्या कामाला एकदा ग्रीस द्यावं, असं पुस्तिका सांगते. त्याला अर्धा तास लागतो. शेतकरी म्हणतो, माझा तास चाललाय. ऑपरेटर म्हणतो, उद्या करू. मालक गावाला. हेल्पर पोरगं असतं, त्याला 'कर' म्हणून कुणी सांगत नाही. त्या दिवशी काहीच बिघडत नाही. सहा महिन्यांनी बकेट डुगडुगायला लागते, पिन आणि बुश खल्लास होतात, आणि तेव्हा सगळे त्या पोराकडे बघतात.

आता तो बुजतो कसा ते सांगतो. ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. जुनं पिवळं ग्रीस चुन्याच्या साबणाचं असे. पाण्याला टिके, पण तापलं की वितळून वाहून जाई. १९४२ साली क्लॅरेन्स अर्ल या अमेरिकनाने लिथियम साबणाच्या ग्रीसचं पेटंट घेतलं. आज बाजारात बहुतेक तेच. नवं ग्रीस येत राहिलं नाही तर तेल हळूहळू गळून जातं आणि मागे साबण उरतो, मेणासारखा घट्ट. त्यात न जुळणारं दुसरं ग्रीस मिसळलं की आणखी बिघडतं. वर आपली काळी माती. तिच्यातली चिकणमाती ज्या कुळातली, त्याच कुळातल्या मातीवर प्रक्रिया करून कारखान्यात ग्रीस घट्ट करतात. तीच माती शेतातून निपलावर बसली की आपल्याविरुद्ध काम करते.

मोकळा कसा करायचा? जुन्या मिस्त्रींची पद्धत अशी. यंत्र बंद, बकेट जमिनीवर, बूमला नीट आधार. आधी निपल फडक्याने पुसायचा, कारण न पुसता गन लावली तर वरची माती आपणच आत ढकलतो. गन मारून ग्रीस जात नसेल तर जोर लावायचा नाही. निपल खोलायचा, तसाच गनला लावून हवेत दाबायचा. ग्रीस बाहेर आलं तर निपल चांगला आहे, दोष आतल्या वाटेत. नाही आलं तर निपल फेकून नवा बसवायचा. त्याची किंमत चहा-वड्याएवढी, त्याच्याशी झटापट कशाला?

आतली वाट बंद असेल तर बऱ्याचदा कारण भार असतो. बूमचं वजन पिनेवर पडतं, पिन नेमकी छिद्राच्या बाजूला दाबली जाते आणि ग्रीसला जागाच उरत नाही. भार काढून सांधा थोडा हलवला की कधी कधी तेवढ्यानेच काम होतं. नाहीतर निपलाच्या छिद्रातून तारेने घट्ट झालेला साबण उकरायचा, डिझेल किंवा पातळ तेल सोडायचं आणि रात्रभर मुरू द्यायचं. त्यासाठी एक साधनही मिळतं. पोकळ दांडा असतो, त्यात पातळ तेल भरून तोंड निपलावर बसवायचं आणि वरून हातोडा मारायचा. त्या धक्क्याने तेल आत घुसतं. डोळ्यांवर चष्मा हवाच. शेवटी नवं ग्रीस भरायचं. आधी काळं, खरखरीत ग्रीस कडेने बाहेर येतं, मग स्वच्छ रंगाचं. ते दिसेपर्यंत काम झालं म्हणायचं नाही. एवढं करूनही वाट उघडली नाही, तर पिन काढण्याला पर्याय नाही.

काही लोक गॅसची ज्योत लावतात. ते करू नका. शेजारी हायड्रॉलिक तेलाच्या नळ्या असतात, आणि बंद जागेतलं तेल तापलं की फुटून अंगावर येतं.

आणि एक गोष्ट, जिच्यासाठी मी हे व्याख्यान घेतलं असं म्हणा. हातगनमध्येसुद्धा टायरमधल्या हवेच्या शंभरपटीहून जास्त दाब तयार होऊ शकतो. बुजलेल्या निपलावर जोर लावला, तोंड घसरलं, की ग्रीस सुईसारखं बोटात घुसतं. बाहेरून जखम टाचणीएवढी. पहिल्या तासात फारसं दुखतही नाही. पोरगं हळद लावून कामाला लागतं. आत मात्र ग्रीस बोटाच्या पोकळीतून तळहाताकडे सरकतं आणि मांस मरायला लागतं. याला शस्त्रक्रिया लागते, तीही त्याच दिवशी. उशीर झाला तर बोट काढावं लागतं. तेव्हा दुखो न दुखो, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "ग्रीस गनचा दाब आत गेलाय." नुसती टाचणीची जखम समजून पट्टी बांधून परत पाठवलं तर बोट जायची वेळ येते.

इतिहासाचं म्हणाल तर मुद्दा एवढाच. गाडीवान स्वतःच्या चाकाला वंगण लावायचा, तेव्हा त्याच्या पायाखालची वाट आणि हातातलं वंगण एकाच माणसाचं होतं. पुढे यंत्रं मोठी झाली आणि ते काम सगळ्यात खालच्या, सगळ्यात तरुण माणसाकडे गेलं, तेही न शिकवता. निपल धुळीने बुजतो हे खरं, पण धूळ पुसायला कुणाला वेळ दिला नाही, म्हणून ती साचते. तुमच्यापैकी कुणाचं यंत्र असेल तर तासाच्या हिशेबात ग्रीसिंगचा अर्धा तास धरा. आणि हेल्परला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगा: जाम निपलावर जोर करायचा नाही, आणि बोटाला टोचलं तर लपवायचं नाही.